इंजिन खोलण्याआधी : ट्रकचं डिझेल इंजिन तपासायला शिकणाऱ्यांसाठी

"मिस्त्री, गाडी वढंना झालीया."

साखर कारखान्यांचा हंगाम चालू असला की आमच्या गॅरेजच्या दारात हे वाक्य दिवसातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल करून आलेला नवा पोरगा हे ऐकलं की सरळ पान्यांच्या पेटीकडे जातो. मी त्याला थांबवतो. हा लेख त्या पोरांसाठी आहे. सांगली, मिरज, कुपवाडला किंवा तिकडे कराड-साताऱ्याच्या हायवेला कुणा वस्तादाच्या हाताखाली ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठीही आहे.

माझं म्हणणं एवढंच की इंजिनावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. बाहेरून जे जे तपासता येतं ते सगळं तपासून झाल्याशिवाय हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, बोल्टला सॉकेट लावायचं नाही. गाडी उभी राहिली की मालकाचा धंदा बुडतो, हप्ता मात्र चालूच राहतो. त्यात आपण उगाच हेड उतरवलं तर गॅस्केट, ऑइल, कूलंट आणि दोन दिवस हे सगळं त्याच्या खिशातून जातं. आणि खरा दोष तसाच राहिला तर आपलं नावही जातं.

आधी ड्रायव्हरला बसवा, चहा द्या

गाडीची निम्मी माहिती ड्रायव्हरकडे असते, फक्त ती विचारून काढावी लागते. "काय झालं?" असं विचारलं तर "ओढत नाही" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा. एकदम झालं की हळूहळू वाढत गेलं? गाडी गार असताना होतं की तापल्यावर? रिकामी असतानाही होतं की लोडलाच? पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ पूर्वी कुठल्या गिअरमध्ये चढायची, आता कुठल्या गिअरमध्ये चढते? आंबा घाटात तापमानाचा काटा कुठवर जातो? डिझेल शेवटचं कुठे भरलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हे सुरू होण्याआधी गाडीला कुणी हात लावला होता का, कुठलं काम झालं होतं?

शेवटच्या प्रश्नावर अर्ध्या गाड्यांचा दोष सापडतो. काल फिल्टर बदलला आणि आज गाडी बंद पडायला लागली, तर इंजिनाच्या डिझेल पंपाकडे बघायचं कारण नाही. फिल्टरचा रबर वायसर दुमडलाय का ते बघायचं. एकदम आलेला दोष बहुतेक वेळा तुटलेल्या, निसटलेल्या, तुंबलेल्या वस्तूचा असतो. महिनोन् महिने वाढत आलेला दोष झिजेचा असतो. हा फरक वहीत लिहून ठेवा. वही ठेवायचीच. गाडीचा नंबर, किलोमीटर, तक्रार, काय सापडलं, काय बदललं एवढं पुरे. दोन वर्षांनी तीच वही तुमची वस्ताद होते.

हात घालण्याआधी

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावून. केबिन उचलली की तिचं लॉक बसल्याचं डोळ्यांनी बघा. अर्धवट उचललेल्या केबिनखाली मान घालू नका. वायरिंगचं काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. हातात कडं, गळ्यात गमछा, बाही सुटलेला शर्ट यातलं काहीही फिरत्या पंख्याजवळ नको. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, मालक कितीही घाई करो.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात बोटं गेलेली आहेत. डिझेल पाइप बारीक फवारा मारत असेल तर तो हाताने चाचपायचा नाही. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच जाड पाइपातून डिझेल मिळतं त्या गाडीत, रेलमधला दाब १६०० बार आणि त्याहूनही वर जातो. एवढ्या दाबाचं डिझेल सुईसारखं कातडीत घुसतं. बाहेरून फक्त एक टिपका दिसतो, पहिल्यांदा दुखतही नाही. आत मात्र मांस सडायला लागतं. असं झालं तर "बघू उद्या" म्हणायचं नाही. त्याच तासाला मोठा दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की दाबाचं डिझेल आत गेलंय. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, फवारा पुठ्ठ्यावर उमटतो.

इंजिनाला काय लागतं

डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्या क्षणी नोझल डिझेल फवारतं आणि ते आपोआप पेटतं. म्हणून चार गोष्टी लागतात: पुरेशी हवा, वेळेवर आणि नीट फवारलेलं डिझेल, कॉम्प्रेशन म्हणजे हवेवरचा दाब, आणि चालू होताना पुरेशा वेगाने फिरणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा. गाडी कुठलीही असो, जुन्या मेकॅनिकल मायको पंपाची की आजच्या प्रदूषण नियमाची बीएस-६, दोष या चारांतच कुठेतरी असतो. तपासायचा क्रम मात्र सोप्याकडून अवघडाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे.

सेल्फ मारतो, पण चालू होत नाही

पहिल्यांदा मीटर घ्या. ट्रकला १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. चांगल्या भरलेल्या जोडीला साधारण २५ व्होल्ट दिसतात. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, मारताना ते १९ च्या खाली जात असतील तर बॅटरी, लग म्हणजे वायरीचं टोक, किंवा सेल्फ यांच्यापैकी कुणीतरी आजारी आहे. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, बऱ्याचदा एकच मेलेली असते आणि दुसरीला ओढते. मीटरचं एक टोक इंजिनाच्या ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. उसाच्या गाड्यांत चिखल आणि मळी यांनी अर्थिंगचा लग पांढरा-हिरवा झालेला असतो. तो घासून आवळला की "सेल्फ गेला" म्हणून आलेली गाडी चालू होऊन जाते. ३० सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ मारू नका, मग दोन मिनिटं थांबा, नाहीतर सेल्फ खरोखरच जातो.

क्रँक जोमात फिरतोय आणि तरीही चालू होत नाही? आता सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढुरका धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. काहीच धूर नसेल तर डिझेलच पोचत नाही, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे लाइनीने एअर धरलेली असते.

एअरबद्दल नवीन मुलांचा एक गोंधळ होतो. ते गळती शोधतात, कुठे डिझेलचा थेंब दिसत नाही, म्हणून लाइन चांगली म्हणून सोडून देतात. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. पंप तिथून डिझेल शोषतो. तिथे भेग असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून ती भेग कोरडी राहते आणि डोळ्याला सापडत नाही. उपाय साधा आहे. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी क्लिपा लावून जोडा, इंजिन चालवा आणि नळीकडे बघत बसा. चांगल्या लाइनीत नळी पाण्याच्या बाटलीसारखी स्वच्छ दिसते. एअर धरत असेल तर आधी एखाद-दुसरा मोहरीएवढा बुडबुडा जातो, मग रेस दिली की बुडबुड्यांची माळच सुरू होते. आता टाकीकडे सरकत सरकत नळी लावत जा. जिथे बुडबुडे थांबले, त्याच्या इंजिनाकडच्या तुकड्यात भेग आहे. मला बहुतेक वेळा ती सापडते रबरी होजवर क्लिपेच्या खाली, पाणी वेगळं करणाऱ्या वाटीच्या वायसरला, किंवा चॅसीवर घासून झिजलेल्या पाइपाला. एकदा तर टाकीच्या आतल्या उभ्या नळीलाच चीर होती. टाकी अर्धी झाली की गाडी बंद, भरली की चालू. ड्रायव्हरने ते स्वतः सांगितलं होतं, मी दोन दिवस त्यावर विश्वास ठेवला नाही.

एअर काढायची रीत अशी. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हाताच्या पंपाने डिझेल दाबत राहा. फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. हात थांबवून आवळला तर हवा परत आत जाते. जुना लाइन पंप असेल तर पंपावरचा स्क्रूही असाच सोडा. तरीही चालू होत नसेल तर दोन-तीन नोझलांचे नट जरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा. हे नट सैल करायचं काम फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत. कॉमन रेलला हाताचा पंप कडक होईपर्यंत मारायचा आणि सेल्फ मारायचा, बस. रेलचा पाइप कधीच सैल करायचा नाही. दुरुस्तीसाठी काढावाच लागला तर इंजिन बंद करून दाब पूर्ण उतरू द्या. अनेक कंपन्या तो पाइप एकदा सोडला की नवाच घालायला सांगतात, ते ऐका.

मिसिंग कुठल्या सिलिंडरला

गाडी चालू आहे पण लंगडते. मेकॅनिकल पंपावर एकेका नोझलचा नट क्षणभर सैल करा. चांगल्या सिलिंडरला आवाज बदलतो, रेस पडते. ज्याला फरकच पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. कॉमन रेलला हेच काम स्कॅनर करतो, एकेक नोझल बंद करून दाखवतो. ज्या इंजिनात नोझलांच्या परतीच्या नळ्या बाहेरून वेगवेगळ्या आहेत, तिथे प्रत्येक नळीला एक-एक सारखी बाटली लावा आणि पाच मिनिटं चालवा. सगळ्यांपेक्षा जी बाटली झपाट्याने भरते, तिचं नोझल आतून गळतंय.

दोष नोझलचाच ठरवण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासा. उदाहरण म्हणून, ५.९ लिटरच्या सहा सिलिंडर कमिन्सला, म्हणजे ६बीटीला, इंजिन गार असताना इनटेकला ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर गॅप लागतो. तिचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. दुसऱ्या इंजिनाचा गॅप वेगळा असतो. तो अंदाजाने घालू नका, कंपनीच्या पुस्तकातून वहीत उतरवून घ्या. फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फिलर गेज, ओढताना किंचित घासल्यासारखं लागलं पाहिजे, अडकलं नाही पाहिजे आणि सरकनही गेलं नाही पाहिजे. हा अंदाज हाताला येईपर्यंत वस्तादाकडून प्रत्येक टॅपेट परत तपासून घ्या, त्यात कमीपणा नाही.

पिकअप नाही

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गार इंजिनाचा थोडा पांढरा धूर चालतो, पण तापल्यावरही पांढरा येत असेल तर डिझेल न जळता जातंय किंवा पाणी आत येतंय. एवढं धुरावरून कळतं.

मी "ओढत नाही" या तक्रारीला ज्या क्रमाने जातो तो सांगतो. आधी केबिनमध्ये बसून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावतो आणि खाली पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते बघतो. पायदानाखाली दुमडलेली मॅट किंवा ताणलेली केबल यामुळे लिव्हर पाऊण अंतरच जातो, अशा गाड्या मी पंपवाल्याकडे जाऊन आलेल्या पाहिल्या आहेत. मग चारही बाजूंच्या चाकांच्या हबला हात जवळ नेतो. एखादं जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहिलाय, इंजिन बिचारं निर्दोष आहे. मग एक्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅप पूर्ण उघडतो का ते बघतो. तो अर्धा अडकला तर इंजिनाचा श्वासच कोंडतो. मग एअर फिल्टर. उसाच्या फडातून आलेल्या गाडीचा फिल्टर वरून चांगला दिसतो, आत मात्र धुळीचा थर बसलेला असतो. कंप्रेसरची हवा बाहेरून आत मारू नका, आतून बाहेर मारा, आणि फाटका पेपर असेल तर फेकून द्या. मग डिझेल फिल्टर आणि टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्र. ते तुंबलं की टाकीत पोकळी तयार होते आणि थोड्या अंतराने गाडी दम टाकते. झाकण सैल केलं की परत ओढायला लागते.

एवढं झाल्यावर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या होजा आधी बघा. भेग असेल तर तिच्याभोवती काळपट तेलकट डाग असतो. डाग नसेल तर लाइन बंद करून दीड बारच्या आत हवा भरा आणि साबणाचं पाणी टाका, फुगे येतील तिथे गळती. मग टर्बोचं नाक उघडून, इंजिन बंद आणि गार असताना, शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा किंचित खेळ असणारच, कारण तो शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो. पण पंख्याचं पातं घराला घासत असेल, किंवा शाफ्ट पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर टर्बो गेला. नुसता टर्बो बदलून गाडी सोडू नका. ऑइलची नळी कार्बनने भरली असेल तर नवाही तसाच जाईल. आणि ड्रायव्हरला सांगा की घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवावी.

तापते

उसाच्या गाडीचं रेडिएटर समोरून बघू नका. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामध्ये जी फट असते तिथे टॉर्च मारा. पाचटाचे तुकडे आणि माती यांची गादी बसलेली असते. बाहेरून जाळी स्वच्छ, आतून भिंत. ती इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूकडे, हलक्या दाबाच्या पाण्याने काढायची. जोराच्या पाण्याने पंख वाकतात. मग पंख्याचा बेल्ट, रेडिएटरचं झाकण, आणि थर्मोस्टॅट.

आपल्याकडे एक सवय फार आहे, गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा. मला ही सवय पटत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो, त्यामुळे इंजिन ठरलेल्या तापमानावर राहतं. तो काढला की रिकाम्या गाडीत इंजिन गार पडतं, डिझेल जास्त खातं, सिलिंडरचे लायनर लवकर झिजतात. आणि अनेक इंजिनांत तो बायपासची वाट बंद करत असतो. तो नसला की पाणी रेडिएटरला न जाता बायपासनेच फिरतं आणि लोडवर गाडी उलट जास्त तापते. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून, थर्मोस्टॅट कितीला उघडतो ते बघा. खराब असेल तर नवा घाला.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एक हळदीची गाडी आली. पाणी कमी होत होतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते. मला शिकवलेलं होतं की रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. मी हेड उतरवलं, लेथवाल्याकडून फेस करून आणलं, नवी गॅस्केट घातली, रात्रभर जागून गाडी जोडली. सकाळी चालू केली तर बुडबुडे तसेच. मालक काही बोलला नाही, नुसता रेडिएटरमध्ये बघत उभा राहिला. तो चेहरा मला अजून आठवतो. दोष होता ब्रेकच्या एअर कंप्रेसरच्या हेड गॅस्केटमध्ये. तो कंप्रेसर इंजिनाच्याच पाण्याने गार होतो, त्याची गॅस्केट गेली की त्याची हवा पाण्यात शिरते आणि सगळे इंजिनाला दोष देतात. चार बोल्टांचं काम होतं.

तेव्हापासून मी ही तपासणी केल्याशिवाय हेडला हात लावत नाही. इंजिन गार असताना झाकण काढून चालू करा आणि बुडबुडे बघा. ब्रेकच्या टाक्यांत हवा पूर्ण भरू द्या. भरली की कंप्रेसर रिकामा फिरायला लागतो. त्याच वेळी बुडबुडे थांबले आणि ब्रेक मारून हवा उतरवल्यावर परत सुरू झाले, तर कंप्रेसर. कंप्रेसर रिकामा असतानाही बुडबुडे चालूच राहिले तर मग हेडकडे वळा.

इंजिन बॅक मारतंय

ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं, नुसतं टेकवून ठेवा. इंजिन चालू असताना ते थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाची हवा सुटायच्या नळीतून, धुराचा लोट येत असेल, तर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात, दाब जास्त आहे. यालाच बॅक मारणं म्हणतात. लोक लगेच म्हणतात "पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला". इथेही तोच कंप्रेसर आणि टर्बो आधी बघायचे. कंप्रेसरच्या रिंगा झिजल्या की त्याची हवा ऑइलच्या वाटेने क्रँककेसमध्येच येते. टर्बोचे सील गेले तरी तेच. कंप्रेसर रिकामा झाल्यावर झाकणाची थरथर कमी होते का बघा, एअर टाकीचा ड्रेन सोडून ऑइल येतंय का बघा. मगच कॉम्प्रेशन मोजा.

ऑइल दाबाचंही असंच. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विश्वास ठेवून संप, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवू नका. सेंडर, म्हणजे दाबाचा सेन्सर, काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. वर सांगितलेल्या कमिन्सला गरम आयडलवर किमान ०.७ बार आणि पूर्ण रेसवर साधारण २ बार लागतात. गेजवर दाब चांगला असेल तर सेंडर बदला. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर दाब कमी असण्याचं कारण बेअरिंग नसून ऑइलमध्ये उतरलेलं डिझेल असू शकतं.

बीएस-६ गाडी

१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत स्कॅनर हवाच. पण स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड म्हणजे दुकानातून आणायच्या पार्टचं नाव नव्हे. ट्रकच्या कोडला दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो कुठली गोष्ट, एफएमआय सांगतो तिला काय झालं. एसपीएन १०० म्हणजे ऑइल दाब, ११० म्हणजे पाण्याचं तापमान, १५७ म्हणजे रेलचा दाब. पुढे एफएमआय ३ किंवा ४ आला तर सेन्सरच्या वायरीतलं व्होल्टेज फार वर किंवा फार खाली आहे, आणि ५ आला तर बहुतेक वायर तुटलेली. म्हणजे १०० सोबत ४ आला तर इंजिनात ऑइल नाही असा अर्थ होत नाही, आधी वायर बघायची. बऱ्याच सेन्सरांना ५ व्होल्ट एकाच वायरीतून मिळतात. एकाच वेळी तीन-चार असंबद्ध कोड आले तर तीन-चार सेन्सर विकत आणू नका. कनेक्टर सोडत सोडत जा. एक सोडल्यावर बाकीचे कोड गेले, तर तिथेच शॉर्ट आहे. कारखान्याच्या यार्डात रात्र रात्र उभ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मी मोजायच्या सोडल्या आहेत.

धुरातलं प्रदूषण कमी करायला सायलेन्सरच्या बाजूला जे डीईएफ नावाचं द्रव भरतात, त्याला ड्रायव्हर युरियाच म्हणतात. त्या नावामुळे घोटाळा होतो. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे खरं, पण तो अतिशुद्ध असतो. शेतातलं खत पाण्यात कालवून टाकलं, किंवा नुसतं पाणी टाकलं, तर महागडा कॅटॅलिस्ट खराब होतो आणि गाडी आपोआप ताकद कमी करते. डीईएफ फवारणाऱ्या डोझरच्या तोंडाला पांढरे खडे जमले असतील तर ते कोमट स्वच्छ पाण्याने विरघळतात, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका.

पुरातून आलेली गाडी

हे सांगलीत शिकलेच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी उतरल्यावर ज्यांनी "चालू होते का बघू" म्हणून सेल्फ मारला, त्यांच्या कनेक्टिंग रॉड वाकल्या. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की काहीतरी वाकतं किंवा फुटतं.

म्हणून पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह काढणं. गाडी ओढून न्यायची तर न्यूट्रलमध्ये, गिअरमध्ये टाकून धक्का अजिबात नाही. एअर फिल्टर उघडा. पेपर ओला असेल तर पाणी आत गेलंय असंच धरा. सगळी नोझलं काढा, मग पुलीला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवा. भोकातून गढूळ पाणी उसळतं, त्यामुळे तोंड बाजूला ठेवा. संपचा नट हळूच सैल करा. ऑइलपेक्षा पाणी जड, म्हणून आधी पाणी येतं. ते किती आलं ते मापाच्या डब्यात धरा आणि वहीत लिहा. गिअर बॉक्स आणि मागच्या एक्सलचं हाउसिंग यांच्या ब्रीदरमधूनही पाणी शिरतं, त्यांचं ऑइल बदलल्याशिवाय गाडी सोडू नका. डिझेल टाकी उतरवून धुवा. ईसीएमचे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचे, कनेक्टर सोडून हवेने वाळवा. स्वस्त ऑइल भरून, हाताने दोन पूर्ण फेरे अडथळ्याशिवाय फिरले, तरच नोझलं लावून चालू करा. थोडा वेळ चालवून ते ऑइल काढून टाका आणि मग चांगलं भरा.

खोलावंच लागलं तर

मग मात्र घाई नको. इंजिन आधी बाहेरून धुवा, खोलल्यावर माती आत जाते. रॉडच्या कॅप आणि मेन कॅप यांच्यावर नंबर आहेत का बघा, नसतील तर पंच मारा. कॅपची अदलाबदल झाली तर बेअरिंग टिकत नाही. पुश रॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचा. काढलेलं बेअरिंग फेकू नका, त्याची पाठ आणि पोट बघा. एकाच बाजूला घासलं असेल तर रॉड वाकलेली, सगळीकडे रेघोट्या असतील तर ऑइलात घाण. जुना भाग का मेला हे कळल्याशिवाय नवा घालायचा नाही. लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते डायल गेजने मोजा. तो खाली बसला असेल तर कितीही महाग गॅस्केट घाला, ती फुकणार. हेडचे बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने, पुस्तकातल्या टॉर्कने, टप्प्याटप्प्याने.

पहिल्यांदा चालू करताना एका पोराला इनटेकपाशी सपाट लाकडी फळी घेऊन उभं करा. इंजिन स्वतःहून रेस घेत सुटलं आणि बंद होईना, तर फळीने हवा बंद करायची. हात किंवा कापड कधीच नाही. ऑइलचा दाब काही सेकंदांत आला नाही तर ताबडतोब बंद.

मग ट्रायल, आणि ती लोडवरच. रिकामी गाडी मिरजेपर्यंत फिरवून काही कळत नाही. भरलेली गाडी घाट चढून येऊ द्या, ड्रायव्हरला सांगा की येताना इथूनच जायचं. आल्यावर गार होऊ द्या, कूलंट आणि ऑइलची पातळी बघा, पुठ्ठा जमिनीवर रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर वहीत तारीख घालून त्या गाडीचं पान बंद करा.